मुठीवरचा आकडा

माझ्याकडच्या दाढीच्या एका जुन्या मशीनच्या मुठीवर एक ते नऊ आकडे कोरलेले आहेत. मूठ फिरवली की पातं आणि त्याखालची पट्टी यांच्यातली फट कमीजास्त होते. एकवर पातं कातडीला जेमतेम शिवतं. नऊवर ते राठातली राठ दाढी एका फटक्यात उतरवतं, आणि हात चुकला तर कातडीही. माझ्या वडिलांची, नानांची दाढी मी पाचवर करायचो. पोळ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या डाव्या कानाखाली आलो आणि मूठ फिरवून आकडा चारवर घेतला. का घेतला हे मला त्या क्षणीच माहीत होतं. कागदावर लिहायला मात्र दीड वर्ष लागलं.

मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पिंप्राळ्यात राहतो. जुनी दाढीची मशीन जमवायचा नाद मला चाळिशीनंतर लागला. पाचोऱ्याला स्टेशनजवळच्या एका भंगारवाल्याकडे पितळी नळांच्या ढिगात हे आकड्यांचं मशीन सापडलं. मूठ गच्च अडकलेली, फटींत कुणाचा तरी वाळलेला साबण. कोमट पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून, शिलाई मशीनचं तेल सोडून मी ते चार दिवसांनी फिरतं केलं. ते फिरलं तेव्हा आतून बारीक टक् आवाज आला. तो आवाज ऐकायला मी पुढे किती तरी वेळा मूठ उगाच फिरवत बसायचो.

आता अकरा मशीन आहेत. काहींची डोकी फुलपाखरासारखी उघडतात, काही तीन तुकड्यांची आहेत, एकाला कंगव्यासारखे दात आहेत. सकाळी गरम पाण्याच्या मगात ब्रश भिजत टाकायचा. साबणाच्या वाटीत तो गोल गोल फिरवत राहायचा, फेस घट्ट दह्यासारखा उभा राहीपर्यंत. मग मशीन हातात घ्यायचं आणि दाबायचं नाही. त्याचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. खर्र असा आवाज येतो आणि फेसात एक स्वच्छ पट्टा पडतो. एकदा केसांच्या दिशेने, पुन्हा साबण लावून एकदा आडवं. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. कुठे दाबलं होतं ते तुरटी लगेच झोंबून सांगते. घरात कुणाचाही आवाज नसलेली ती वीस मिनिटं मला दिवसभर पुरायची.

प्रयोगशाळेची सवय म्हणून मी एक वही ठेवली होती. तारीख, कोणतं मशीन, आकडा किती, पातं कितव्यांदा वापरलं, कुठे कापलं. ही वही पुढे येणार आहे.

नाना धुळ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. मूळ गाव पिंपळनेरच्या अलीकडे. नोकरी लागली तेव्हा ते धुळ्याला आले आणि पहिल्या पगारातून त्यांनी पितळी मशीन घेतलं, ते तीस-पस्तीस वर्षं वापरलं. माझं दात असलेलं मशीन ते हेच. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला कंप सुटला. न्हाव्याकडे गेले, तिथे ओठाजवळ कापलं, मग दाढी करणंच सोडलं. पांढरी खुंटं वाढवून बसलेले नाना आजारी दिसायला लागले, म्हणून मी म्हणालो की मी करतो. ते धुळ्यातच, देवपुरात माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे राहतात. एकाआड एक रविवारी मी जळगावहून पहिल्या गाडीने निघायचो आणि वहिनी चहा ठेवत असताना पोचायचो.

मागच्या ओट्यावर खुर्ची टाकायची, गळ्यात टॉवेल बांधायचा. मी त्यांच्या मागे उभा राहायचो आणि ते डोकं मागे टाकून माझ्या पोटावर टेकवायचे. लहानपणापासून आजवर नानांना मी इतका वेळ हात लावलेला नव्हता. ते बोलणारे नव्हते, मीही नाही. पण फेसाखाली त्यांचा चेहरा सैल पडायचा, आणि डोळे मिटून ते एखादी जुनी गोष्ट सांगायचे. पहिल्याच महिन्यात एकदा म्हणाले, "तुना हात हलका शे. न्हावीना बी असा नही व्हता." त्यांच्या तोंडून माझी ही पहिली स्तुती. मी एकावन्न वर्षांचा होतो.

जिनिंगची एक गोष्ट त्यांनी अशाच एका रविवारी सांगितली. हंगामात मशीन सुरू करताना एक माणूस बेअरिंगच्या पेटीवर तळवा ठेवून उभा राहायचा. आवाज इतका की ओरडून काही कळायचं नाही. पेटी तापायला लागली की त्याने दुसरा हात वर करायचा. त्याने हात वर केला नाही तर बाकी कुणी तपासायला जायचं नाही, सगळे आपापल्या कामाला लागायचे. एकदा एका माणसाला पेटी कोमट लागली. होईल आपोआप गार, असं त्याला वाटलं. त्याने हात वर केला नाही. एक ठिणगी कुठेतरी कापसात गेली आणि त्या कापसाच्या गाठी बांधून गोदामात रचल्या गेल्या. बाहेरून काही दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका गाठीतून धूर आला. फोडली तर आत सगळं काळं झालेलं होतं. त्या माणसाचं काय झालं, असं मी विचारलं. नाना म्हणाले की काही नाही, पण त्याला मी पुन्हा पेटीवर हात ठेवू दिला नाही.

ही गोष्ट मी ऐकली तेव्हा माझी बोटं त्यांच्या गालावर होती.

पोळ्यानंतर मला कानाखाली जे लागलं ते हरभऱ्याच्या दाण्याएवढं होतं. जबड्याच्या कोपऱ्यात, कातडीच्या खाली. मी कातडी ताणून पाहिली. कातडी सरकली, दाणा सरकला नाही. मी आकडा चारवर घेतला, हलकेच पातं फिरवलं आणि पुढे गेलो. वहीत लिहिलं, "डाव्या कानाखाली जपून. ४."

दिवाळीपर्यंत ते बोराएवढं झालं. आकडा तीन. संक्रांतीला सुपारीएवढं आणि आकडा दोन. खालून वर नेलं तर पातं अडतं, म्हणून मागून पुढे न्यायचं, हे मी शिकलो. कातडी कुठे धरायची, फेस किती जाड ठेवायचा, हेही शिकलो. त्या जागेवर एकदाही रक्त आलं नाही आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. वहीत तसं लिहिलेलं आहे. "दोनवर अगदी साफ. एकही ओरखडा नाही."

घरात दुसऱ्या कुणाला का दिसलं नाही, असं नंतर सगळ्यांनीच विचारलं. पंधरा दिवस खुंटं असायची. थंडीत कानाला मफलर असायचा. नानांची खाट डाव्या भिंतीला लागून होती. आणि म्हाताऱ्या गळ्याची कातडी लोंबते, तिच्यात पुष्कळ काही लपतं. पण खरं कारण असं की दर पंधरा दिवसांनी एक माणूस त्या चेहऱ्यावर इंच इंच हात फिरवत होता. बाकीच्यांनी बघायचं कशाला?

संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी नानांनी मला सरळ विचारलं. डोळे मिटलेलेच होते. "आठे कसाले हळू व्हस तू?" इथेच हात हळू का होतो, असं.

मी म्हणालो, "आठली कातडी सैल शे, नाना."

ते हं म्हणाले. एवढंच. माझा हात तोपर्यंत थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

मी गप्प का राहिलो याची कारणं मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी दिली आहेत. खरी दोनच आहेत. आईच्या पोटात दुखायचं तेव्हा तिला तपासणीला न्यायचा हट्ट माझा होता. ती नको म्हणत होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तिथून विसाव्या दिवशी ती गेली. आजार आधीपासूनच होता हे मला कळतं, मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. तरी नाव घेतल्यामुळे ती गेली असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलं ते निघालं नाही. दुसरं कारण सांगायला जास्त लाज वाटते. मी बोललो असतो तर ते रविवार संपले असते. ओटा, खुर्ची, माझ्या पोटावर टेकलेलं ते डोकं. त्याच्या जागी दवाखाने आले असते. मला ते रविवार हवे होते.

उन्हाळा लवकर आला. मफलर गेला, तरी कुणाला दिसलं नाही. मार्चमध्ये मी दाढी करून निघताना नानांना घाईने आत, खाटेवर नेऊन बसवायला लागलो. भिंतीकडे डावी बाजू होईल असं. ते मी मुद्दाम करतोय हे मी स्वतःलाही कबूल करत नव्हतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का, माझी मोठी बहीण, सुरतेहून माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी घरी येतात, त्या दिवशी मीही गेलो होतो. नाना दारातच खुर्चीवर बसले होते, आदल्या रविवारच्या दाढीने चेहरा अजून बऱ्यापैकी गुळगुळीत होता. अक्का वाकून पाया पडली आणि उठता उठता अर्ध्यातच थांबली. खालून वर पाहिल्यावर ते दिसत होतं. आम्ही कुणी इतकं खाली वाकलोच नव्हतो.

"नाना, हाई काय शे?" तिने बोट लावलं.

दादा पुढे आला, त्यानेही हात लावून पाहिला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी नानांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, दाढी तर तुम्ही करता ना?"

मी म्हणालो, "फेसात काही कळलं नाही, वहिनी."

त्यांना ते खरं वाटलं, हे पुढे त्यांच्या वागण्यातून कळलं. कारण त्या दिवसापासून त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. मी रोज समोर बसून वाढते आणि मला दिसू नये, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. शेजारणींना, अक्काला फोनवर, दवाखान्यातल्या नर्सला. दादाही एकदा रागाच्या भरात त्यांना बोलला. मी तिथेच बसलेलो होतो. मी तेही होऊ दिलं.

नाशिकच्या डॉक्टरांनी नानांचा जबडा दोन बोटांनी चाचपला आणि विचारलं, किती दिवसांपासून आहे. नानांनी महिना-दीड महिना सांगितलं. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ती वही होती. तिच्यात पहिल्या दिवसाची तारीख होती, आकार होता, दर पंधरा दिवसांची नोंद होती. डॉक्टरांना हवं ते सगळं. मी पिशवीचा पट्टा धरून उभा राहिलो. त्यांनी कागदावर दीड महिना लिहिलं.

गाठ लाळेच्या ग्रंथीतली होती आणि वाईट होती. चेहऱ्याची शीर तिच्यात गुरफटली होती, ती कापावी लागली. लहान असताना काढली असती तर शीर बहुतेक वाचली असती, असं डॉक्टर दादाला समजावत होते. दोष देण्याच्या सुरात नाही, माहिती म्हणून. ऑपरेशननंतर नानांचं तोंड डावीकडे खाली ओघळलं. डावा डोळा पुरता मिटेना. मग सहा आठवडे रेडिएशनचा शेक दिला, त्याने गळ्याची कातडी काळी पडून सोलली. डाव्या बाजूला आता केस उगवत नाहीत. दाढी वाढली की अर्ध्याच चेहऱ्यावर वाढते.

इतके महिने पातं लावायचं नव्हतं. या थंडीत डॉक्टर म्हणाले, उजव्या बाजूला हलक्या हाताने चालेल. नानांनीच दादाकरवी मला निरोप पाठवला की मशीन घेऊन ये.

गेल्या रविवारी गेलो. दादा कामाने बाहेर होता, वहिनी आत होत्या. ओट्यावर तीच खुर्ची. मी पाणी गरम करून आणलं, ब्रश भिजवला आणि फेस काढत बसलो. खूप वेळ काढत बसलो. फेस वाटीबाहेर आला तेव्हा नानांनी मान वळवून पाहिलं. मी ब्रश खाली ठेवला, पिशवीतून वही काढली आणि त्यांच्या समोर उकिडवा बसलो.

"नाना, माले माहीत व्हतं. पोळापासून."

मी वहीतलं वाचून दाखवलं. चार, तीन, दोन. ओरखडा नाही हेही वाचलं. कातडी सैल असल्याचं खोटं सांगितलं होतं, फेसात कळलं नाही हेही खोटं होतं, असं सांगितलं. ते ऐकत होते. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, पण तो डोळा आता नेहमीच गळतो, त्यावरून काही ठरवता येत नाही.

मग ते बोलले. तोंड वाकडं झाल्यापासून त्यांचे शब्द सावकाश येतात, एकेक सुटा. "माले बी लागे ते. मी बी हात लावी पाहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनाही माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"तुना हात दर आयतवारले तठे जाये. तू काही बोलना नही. मी म्हनं, हात त्याना शे. काही ऱ्हातं ते बोलता."

तुझा हात तिथे फिरत होता आणि तू बोलत नव्हतास, म्हणून मी धरून चाललो की काही नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते जिनिंगमधल्या कामाचं सांगावं तसं सांगत होते. त्यांनी मला पेटीवर उभं केलं होतं आणि स्वतः तपासणं सोडून दिलं होतं. संक्रांतीनंतर त्यांनी जे विचारलं होतं, ते पेटी तापते का हेच विचारलं होतं.

मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी खुर्चीत सरकून डोकं मागे टाकलं. मागे मी नव्हतो, म्हणून ते खुर्चीच्या पाठीवरून तसंच मागे लोंबत राहिलं.

"आते हात ठेव," म्हणाले. "आनि सांग."

मी उठून मागे गेलो. त्यांचं डोकं पोटावर टेकलं, पूर्वीपेक्षा खूप हलकं. फेस न लावता, कोरड्या बोटांनी मी उजव्या कानाखालून सुरुवात केली. काही नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. जबड्याखाली काही नाही. हनुवटीखाली काही नाही. डावीकडे ऑपरेशनची शिवण, तिच्या कडेने कडक झालेली कातडी. तीही सांगितली. शिवणीच्या खाली, गळ्याच्या हाडाच्या जरा वर बोट गेलं आणि थांबलं. मी कातडी सरकवून पाहिली. कातडी सरकली.

"नाना, आठे शे."

"केवढं?"

"ज्वारीना दाना एवढं."

त्यांनी मान हलवली, म्हणजे माझ्या पोटावर ती हलकेच घासली. मी वहिनींना हाक मारली. त्या हात पुसत बाहेर आल्या. मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं आणि मग, नानांच्या समोरच, आखाजीच्या दिवशी मी त्यांच्याशी काय खोटं बोललो ते सांगितलं. वही दाखवली. त्यांनी ती घेतली नाही. बराच वेळ त्या नानांच्या गळ्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि दादाला फोन लावल्याचा आवाज आला. उद्याच नाशिकला जायचं असं त्या सांगत होत्या. मी निघेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. अजून बोललेल्या नाहीत.

नाशिकला दाण्यातून सुईने पाणी काढून घेतलं आहे. त्याचा कागद शुक्रवारी मिळेल. लगेच आणलंत हे बरं केलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्यापुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पण त्या रविवारी, वहिनी फोनवर असताना, मी सामान आवरायला लागलो तर नाना म्हणाले, "दाढी पुरी कर. अर्धी ठेवू नको."

फेस बसला होता, तो मी पुन्हा काढला. मूठ दोनवर होती, कित्येक महिने कुणी तिला हात लावला नव्हता. ती पाचवर घेतली. नानांनी तो टक् आवाज ऐकला असावा. उजवी बाजू मी पाचवर केली, सरळ, एकदा केसांच्या दिशेने आणि एकदा आडवी. मशीन धुतलं आणि टॉवेल सोडायला लागलो, तर त्यांनी डावा गाल पुढे केला. तिकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि पातं लावायची तर बंदीच आहे. मी मशीन उघडून पातं बाहेर काढलं, नुसतं मशीन बंद केलं, डाव्या बाजूला फेस लावला आणि ते रिकामं मशीन कानापासून खाली गळ्यापर्यंत फिरवलं. खर्र आवाज येत नव्हता. नानांनी उजवा डोळा मिटला. हाडाजवळ आलो की फेसाखाली तो दाणा बोटाला लागत होता, आणि दर वेळी मी मोठ्याने सांगत होतो, आठे, नाना, आठे.